घरं तीन, महालक्ष्म्या एकच: एकत्र कुटुंब खरंच मोडलं का?

"पूर्वी सगळे एकत्र राहायचे. आता ज्याचं त्याचं घर वेगळं झालं, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारणारं कुणी उरलं नाही." बडोद्याच्या मराठी घरांत हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं, की ते खरं आहे का हे तपासावं असं कुणाच्या मनातही येत नाही. दांडिया बाजारातला जुना वाडा बिल्डरला द्यायचं ठरतं तेव्हा ते येतं, लग्नाच्या पंगतीत येतं, दवाखान्याच्या बाकावर तर हमखास येतं.

मला हे वाक्य गंभीरपणे घ्यावंसं वाटतं, कारण त्यात एक इतिहास दडलेला आहे आणि एक आरोपही. इतिहास असा, की एकत्र कुटुंब ही आपली सर्वसाधारण रीत होती आणि शहर, नोकरी, शिक्षण यांनी ती मोडली. आरोप, कधी उघड तर कधी न बोलता, घरातल्या सुनेवर. समाजशास्त्रज्ञांनी हा इतिहास गेली सत्तर वर्षं तपासून पाहिला आहे. त्यातलं पायाभूत काम आपल्याच शहरात झालं, ही गोष्ट बडोदेकरांना फारशी माहीत नसते.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. १९५१ मध्ये एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डची नोकरी सोडून इथे आले आणि त्यांनी समाजशास्त्राचा विभाग उभा केला. १९५९ मध्ये ते दिल्लीला गेले. तेवढ्या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक शिस्त लावली: समाजाबद्दल ग्रंथांत काय लिहिलंय ते जरूर वाचा, पण मग गावात जाऊन राहा आणि लोक प्रत्यक्ष काय करतात ते बघा. ग्रंथातलं चित्र आणि गावातलं चित्र यांत अंतर पडतं, आणि अभ्यासाला खरी सुरुवात त्या अंतरापासून होते. एकत्र कुटुंबाच्या बाबतीत हे अंतर फार मोठं निघालं.

ग्रंथातलं कुटुंब

आपल्या डोक्यात जे चित्र आहे, आजोबा कर्ते, चार मुलगे, चार सुना, पंधरा नातवंडं आणि एक मोठं स्वयंपाकघर, ते बरंचसं कायद्याच्या ग्रंथांतून आलं. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वरांनी लिहिलेली मिताक्षरा ही टीका बंगाल वगळता बहुतेक भारतात वारसाहक्कासाठी प्रमाण मानली गेली. इंग्रजी कोर्टांनी तिच्याच आधारे हिंदूंचे खटले चालवले. पुढे हेन्री मेन या कायदेपंडितांनी १८६१ मध्ये प्राचीन कायद्यावर ग्रंथ लिहिला, आणि कर्त्या पुरुषाच्या अंमलाखालचं कुटुंब हा मानवी समाजाचा पुरातन टप्पा आहे, असा विचार विद्वानांत रुजला. भारतातलं एकत्र कुटुंब म्हणजे त्या टप्प्याचा जिवंत पुरावा ठरलं. इंग्रजी शिकलेल्या आपल्या लोकांनीही हे चित्र उचललं. कुणी अभिमानाने उचललं, कुणी सुधारणेच्या तळमळीने. खरं मात्र दोघांनीही धरलं.

पण मिताक्षरा बोलते ती मिळकतीबद्दल. वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क कुणाचा, वाटणी कधी मागता येते, हा तिचा विषय. कोण कुठे राहतं आणि कुणाच्या चुलीवर कुणाची भाकरी भाजली जाते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आजही आयकर खातं हिंदू अविभक्त कुटुंबाला वेगळा करदाता मानतं. एक भाऊ अलकापुरीत आणि दुसरा न्यू जर्सीत असला, तरी कायद्याच्या लेखी ते दोघे अविभक्त असू शकतात. उलट एकाच वाड्यात वर-खाली राहणारे भाऊ वाटणीपत्र करून पुरते विभक्त झालेले असतात. म्हणून कायद्यातल्या 'एकत्र' शब्दावरून किती लोक खरोखर एकत्र राहत होते, हे काही कळत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात अनेक धागे एकत्र ओवलेले आहेत: एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत, एकत्र कुळाचार आणि नात्याचा बंध. हे सगळे एकाच वेळी जुळले तर प्रश्नच नाही. पण एक-दोन सुटले तर? तेव्हा त्या कुटुंबाला काय म्हणायचं?

घर आणि कुटुंब

हा गुंता सोडवला ए. एम. शहा यांनी. ते श्रीनिवासांचे बडोद्यातले विद्यार्थी. खेडा जिल्ह्यातल्या एका गावात राहून त्यांनी घरोघरच्या नोंदी केल्या आणि त्याच गावाचे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे दफ्तरातले कागदही तपासले. १९७३ मध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा साधा वाटतो, पण त्याने सगळी चर्चा बदलली. घर वेगळं आणि कुटुंब वेगळं. घर म्हणजे एका छताखाली राहून एका चुलीवरचं खाणारी माणसं. जनगणना मोजते ती हीच. कुटुंब म्हणजे रक्ताने, लग्नाने, मिळकतीने आणि कुळाचाराने बांधलेली माणसं, आणि ती चार घरांत विखुरलेली असू शकतात.

समजा, रावपुऱ्याच्या आतल्या गल्लीत एक दुमजली वाडा आहे. खाली दादा, वहिनी आणि आजी. वर मधला भाऊ, त्याची बायको, दोन मुलं. धाकटा मांजलपूरला फ्लॅटमध्ये. वाड्यात दोन चुली आहेत, आणि त्या भांडणातून झालेल्या नाहीत. खाली चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो, वरच्या मुलांचे डबे सकाळी साडेसहाला लागतात, म्हणून सोयीने गॅस वेगळा घेतला. आजी दुपारचं जेवण खाली घेते. रात्री मात्र तिला मधल्या सुनेच्या हातची मऊ भाकरीच चावते, म्हणून वरून ताट येतं. ज्येष्ठागौरी दादांकडेच बसतात. धाकटी जाऊ त्या दिवशी पहाटे स्कूटरवरून येते आणि सोळा भाज्या चिरायला बसते. डाळ-गूळ, साड्या, सवाष्णीची दक्षिणा हा खर्च तिघांत वाटला जातो. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पैसे धाकट्याने भरले, रात्री दवाखान्यात मधली सून राहिली आणि नंतर दोन महिने व्यायाम वहिनींनी करून घेतला. "घरं तीन असतील आमची, महालक्ष्म्या एकच," असं वहिनी म्हणाल्या तर ते खोटं नाही. आणि जनगणनेच्या माणसाने तीन वेगळी घरं लिहून घेतली, तर तेही खोटं नाही.

मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. असं घर बडोद्यात कुणीही बोट दाखवून सांगेल. पण अभ्यासात ते मोजायचं कसं, हा प्रश्न होता. विद्यापीठातच काम करणाऱ्या आय. पी. देसाई यांनी त्यावर वाट काढली. सौराष्ट्रातल्या महुवा या लहान शहरात त्यांनी ४२३ कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आला. 'तुम्ही एकत्र की विभक्त?' असं विचारून ते थांबले नाहीत. वेगळं राहणाऱ्या भावाशी मिळकत सामाईक आहे का, पैशाची देवघेव आहे का, लग्नकार्यात आणि आजारपणात कोण कुणासाठी धावतं, हे त्यांनी विचारलं. एकत्रपणा असतो किंवा नसतो असं नाही, तो कमी-जास्त असतो, असं त्यांनी धरलं. राहायला निम्म्याहून अधिक कुटुंबं विभक्त निघाली. पण कुणाशीच कसलाही संबंध न उरलेली कुटुंबं होती शेकडा ५ च्या आसपास.

किती घरं एकत्र होती?

आता इतिहासाच्या दाव्याकडे येऊ. तीन पिढ्या एका घरात नांदायच्या तर आधी तीन पिढ्या एकाच वेळी जिवंत असाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतातलं सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होतं. बालमृत्यू प्रचंड होते म्हणून हा आकडा इतका खाली दिसतो, हे खरं. पण मोठेपणी पोचलेल्यांनाही साठी पाहण्याची खात्री नव्हती. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाखांवर होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. मधे छप्पनियाचा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ होता, पटकी होती, प्लेग होता. १९१८ चा इन्फ्लुएन्झा त्याच्या मागोमाग आला. ज्या काळात पाच माणसांमागे एक माणूस नाहीसा होतो, त्या काळात किती नातवंडांना आजोबा पाहायला मिळाले असतील? 'पूर्वी' म्हणून आपण ज्या सुखाची आठवण काढतो, ते बहुतेक घरांच्या वाट्याला आयुष्यमर्यादेमुळेच आलं नसणार.

आकडेही तेच सांगतात. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात भारतीय घराचा सरासरी आकार पाच माणसांच्या आसपास राहिला. पुढे तो साडेपाचपर्यंत वाढला, आणि २०११ च्या जनगणनेत परत पाचच्या जवळ आला. म्हणजे सरासरी घर पूर्वी फार मोठं होतं आणि हळूहळू लहान झालं, असा सरळ उतार कुठे दिसतच नाही. इंग्लंडमध्येही अशीच समजूत होती: कारखाने आले आणि मोठी कुटुंबं फुटली. पीटर लॅस्लेट यांनी जुन्या नोंदी काढल्या तेव्हा सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या घराचा सरासरी आकार पावणेपाचच्या आसपासच निघाला.

गावात एकत्र, शहरात विभक्त, ही दुसरी समजूत. के. एम. कापडिया यांनी १९५६ मध्ये नवसारी आणि आसपासच्या पंधरा गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवसारी म्हणजे आपल्या जुन्या बडोदे संस्थानाचाच एक प्रांत. खेड्यांत एकत्र आणि विभक्त कुटुंबं साधारण निम्मी-निम्मी निघाली. नवसारी शहरात एकत्र कुटुंबांचं प्रमाण उलट जास्त होतं, शेकडा ५६ च्या वर. एकत्र राहायला मोठं घर लागतं, सांभाळण्यासारखी मिळकत लागते, दुकान किंवा पेढी लागते. शेतमजुराच्या एका खोलीत चार भाऊ एकत्र राहून काय सांभाळणार?

इथे बडोद्याच्या मराठी लोकांनी स्वतःकडे नीट पाहायला हवं. आपल्या आठवणीतलं 'पूर्वी' कुणाचं आहे? गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात इथे आलेल्यांत सरदार, दरकदार, फडणीस, शास्त्री, वैद्य होते, तसे शिलेदार, पागेतले मोतद्दार, हुजरे, माहूत आणि धुणं-पाणी करणाऱ्या बायकाही होत्या. इनाम आणि वाडे पहिल्यांकडे होते. आठवणी लिहिल्या त्यांनीच, कुळवृत्तांत छापले त्यांनीच. मोठ्या वाड्यातल्या पंगतीची आठवण खरी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती थोड्या घरांची आठवण आहे आणि आपण ती सगळ्या समाजाचा इतिहास म्हणून सांगतो. शहा यांनी एक जास्तच लक्षात ठेवण्यासारखी शक्यता मांडली: वरच्या जातींत एकत्र राहण्याला जी प्रतिष्ठा होती, तिचं अनुकरण इतर जातींनी सुरू केलं, त्यामुळे काही समाजांत एकत्र घरांचं प्रमाण काळाबरोबर वाढलेलंही असू शकतं.

एक गोष्ट अजून राहिली. जनगणना म्हणजे एका दिवसाचा फोटो. त्या फोटोत नवरा, बायको आणि दोन मुलं दिसली की आपण 'विभक्त' असा शिक्का मारतो. पण तोच माणूस जन्माला आला तेव्हा आजोबांच्या घरात होता. पुढे काका वेगळे झाले, आजोबा गेले, घर चौघांचं झालं. दहा वर्षांनी मुलाचं लग्न होईल, सून येईल, नातू होईल आणि तेच घर पुन्हा 'एकत्र' होईल. कुणी काही मोडलेलं नाही, कुणी काही जोडलेलंही नाही. माणसं जन्मली, वाढली, गेली. मानववंशशास्त्रज्ञ याला घराचं विकासचक्र म्हणतात. एका वेळी मोजलं तर निम्मी घरं विभक्त दिसतील, आणि तरीही जवळजवळ प्रत्येक जण आयुष्याचा काही काळ एकत्र घरात काढतो.

मग बदललं काहीच नाही? बदललं, आणि पुष्कळ. भाऊ-भाऊ लग्नानंतरही वर्षानुवर्षं एका चुलीवर राहणं कमी झालं. मुळात भाऊच कमी झाले. एक किंवा दोन अपत्यांच्या घरात चार जावांचं स्वयंपाकघर येणार कुठून? आईवडील आणि एक विवाहित मुलगा, ही उभी साखळी मात्र तग धरून आहे. भारतातलं आयुर्मान आता सत्तरच्या जवळ आहे, त्यामुळे आजी-आजोबांच्या मांडीवर वाढणारी मुलं शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आज कितीतरी जास्त आहेत. २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांवर माणसांचं एक मोठं सर्वेक्षण झालं. त्यात साठीपुढचे साधारण दोन तृतीयांश लोक आपल्या मुलांबरोबर राहत होते, आणि अगदी एकटे राहणारे होते शेकडा ६ च्या जवळपास. शेकडा ६ ही थोडी माणसं नव्हेत. २०११ मध्येच देशात साठीपुढचे दहा कोटींवर लोक होते, तेव्हा हा आकडा काही लाखांत, तोही बऱ्याच लाखांत जातो. तरीपण 'म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही' या वाक्याला तो आधार देत नाही.

आजारपणात कोण धावतं

या सगळ्याचा आरोग्याशी संबंध इथे येतो. कुटुंब मोडल्यामुळे म्हातारपण अवघड झालं असं एकदा धरलं, की उपायही तसेच सुचतात: संस्कार करा, मुलांना समजावा, सुनेला समजावा. पण खरं कारण लोक जास्त जगतात हे असेल, तर प्रश्न वेगळे होतात. पूर्वी पासष्टीच्या आसपास हृदयविकाराने पटकन जाणारा माणूस आज औषधांवर पंच्याऐंशीपर्यंत जगतो, आणि शेवटची पाच-सात वर्षं त्याला मधुमेह, गुडघे, विस्मरण यांसाठी रोज कुणीतरी लागतं. इतकी लांब शुश्रूषा आपल्या आजी-पणजीच्या पिढीने बहुधा केलीच नव्हती, कारण तेवढं जगणारेच थोडे होते. आजच्या सुनेची तुलना ज्या सुनेशी करतात, तिच्यावर हे काम पडलंच नव्हतं. मला हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "घरी कोण कोण आहे?" उत्तर येतं, "सगळे आहेत." त्यावर डॉक्टर निर्धास्त होतात. देसाई यांनी महुव्यात जे प्रश्न विचारले, ते इथे विचारायला हवेत: इन्सुलिन कोण देतं? रात्री कोण उठतं? बिल कोण भरतं? दवाखान्यात आणतं कोण? भरल्या घरातल्या आजीच्या गोळ्या चुकत असतात, आणि समा रोडवर एकट्या राहणाऱ्या काकांची मुलगी पुण्याहून रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावून साखर तपासायला लावते, कामाच्या बाईंना फोनवर सूचना देते, दर महिन्याला रेल्वेने येऊन जाते. चुलींची संख्या मोजून यातलं काहीही कळत नाही. मुलीची नोंद तर जुन्या अभ्यासांतही फारशी नाही. त्यांनी भाऊ मोजले, मिळकत मोजली, लग्न झालेली मुलगी त्यांच्या तक्त्यातून बाहेर गेली. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तक्ते मात्र त्याच वेगाने बदलले नाहीत.

आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्यात जबाबदारी कुणाची, तर मुलगा, मुलगी, नातू, नात यांची. सून त्या यादीत नाही. २०१९ मध्ये आणलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई यांची नावं घातली होती, पण त्याचा कायदा झाला नाही. जबाबदारी लादली नाही हे सुनेच्या दृष्टीने बरंच झालं, असं म्हणता येईल. पण जी व्यक्ती प्रत्यक्षात सगळ्यात जास्त करते, तिला कायदा ओळखतच नाही, हेही तितकंच खरं. तिला रजा नाही, भत्ता नाही, आणि तिची पाठ दुखली तर तो आजार तिच्या नावावर लागतो, कामाच्या नाही.

हे काम मोजायचा मोठा सरकारी प्रयत्न २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात झाला. घरच्या माणसांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं वेळ गेलेला दिसला, पुरुषांचा ७६ मिनिटं. यात मुलांची देखभालही आली. सर्वेक्षकाने आदल्या पहाटे चारपासून त्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत विचारून भरले. एका खणात एकाहून जास्त कामं झाली असतील, तर दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली कामंच धरायची, असा नियम होता. सासूबाईंनी रात्री दीडला हाक मारली, उठून पाणी दिलं, कूस बदलून दिली, पुन्हा सव्वातीनला तेच, आणि दोन्ही वेळा सात-आठ मिनिटांत परत पडली, तर त्या रात्रीच्या खणांत तिची नोंद 'झोप' अशीच होते.